इम्पोर्ट केलं एक, आलं भलतंच: पायथनमधली मॉड्यूलच्या नावांची टक्कर कशी सोडवायची

पायथनला लायब्ररी कळत नाही, फक्त नाव कळतं. `इम्पोर्ट रँडम` लिहिलं की तो ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या जागा धुंडाळतो आणि त्या नावाचं जे पहिलं हाती लागेल ते उचलून आणतो. तुमच्या मनात कुठलं रँडम होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून अशा अडचणीत पहिला प्रश्न एकच: आत आलेली फाइल नेमकी कुठली? हा प्रश्न न विचारता लायब्ररी तीनतीनदा काढून पुन्हा इन्स्टॉल करणारे पुष्कळ असतात. बहुतेक वेळा लायब्ररीत काहीच बिघडलेलं नसतं, त्यामुळे त्या खटाटोपातून हातीही काही लागत नाही.

या लेखात कोड आणि कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच करायच्या. `.पीवाय` म्हणजे पायथन फाइलचं एक्स्टेन्शन. मॉड्यूल म्हणजे साधारणपणे इम्पोर्ट करता येणारी अशी एक फाइल, आणि पॅकेज म्हणजे अशा फाइलींचा फोल्डर.

## आधी फाइल शोधा

ज्या नावावर संशय आहे त्याच्याबद्दल हे दोन ओळींत विचारा:

```
इम्पोर्ट रँडम
प्रिंट(रँडम.__फाइल__)
```

उत्तर चारपैकी एका प्रकारचं येतं. पाथमध्ये `लिब/पायथन३.१२/रँडम.पीवाय` असं काही असेल तर पायथनसोबत आलेलं मूळ मॉड्यूल आलं आहे. पाथमध्ये `साइट-पॅकेजेस` असेल तर पिपने, म्हणजे लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या टूलने, बसवलेलं आलं आहे. पाथ तुमच्याच प्रोजेक्टच्या फोल्डरचा असेल तर चोर सापडला. आणि उत्तर `नन` आलं, तर पायथनने फाइल नव्हे, नुसता एक फोल्डर उचलला आहे, त्याबद्दल पुढे. `सिस` किंवा `टाइम`सारख्या काही मॉड्यूलना `__फाइल__` नसतंच, कारण ती इंटरप्रिटरच्या आतच बांधलेली असतात.

इम्पोर्टच मध्येच कोसळत असेल तर मॉड्यूल न चालवता नुसता त्याचा पत्ता काढता येतो:

```
पायथन -सी "फ्रॉम इम्पोर्टलिब.युटिल इम्पोर्ट फाइंड_स्पेक; प्रिंट(फाइंड_स्पेक('रँडम'))"
```

यातली `ओरिजिन` ही किंमत म्हणजे फाइलचा पत्ता. एक खबरदारी घ्या: `-सी` वापरलं की पायथन टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडं आहे तिथे आधी बघतो, आणि स्क्रिप्ट चालवली की स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे. म्हणून ही कमांड स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जाऊनच द्या. नाहीतर उत्तर बरोबर येईल, पण भलत्याच प्रश्नाचं.

त्याच बरोबर `सिस.एक्झिक्युटेबल` छापून घ्या. एडिटर एका पायथनने कोड चालवतो आणि टर्मिनलमधला पिप दुसऱ्याच पायथनमध्ये लायब्ररी टाकतो, हा घोळ नावांच्या टकरीसारखाच दिसतो, पण त्याचा इलाज वेगळा आहे. म्हणून नुसतं `पिप इन्स्टॉल` न म्हणता `पायथन -एम पिप इन्स्टॉल` म्हणायची सवय लावा. ज्या पायथनने कोड चालतो त्याच पायथनमध्ये मग लायब्ररी जाते.

## पायथन कुठे आणि कुठल्या क्रमाने बघतो

सगळ्यात आधी तो `सिस.मॉड्यूल्स` नावाची डिक्शनरी बघतो. त्या नावाचं मॉड्यूल या प्रोसेसमध्ये एकदा आत आलं असेल तर तेच परत देतो, डिस्ककडे वळूनही बघत नाही. तिथे नसेल तर इंटरप्रिटरच्या आत बांधलेली मॉड्यूल, मग बायनरीतच गोठवून ठेवलेली काही मॉड्यूल, आणि मगच `सिस.पाथ` या यादीतले फोल्डर, वरून खाली.

`सिस.पाथ`मध्ये पहिला मान स्क्रिप्टच्या फोल्डरचा. `-एम` ने चालवलं तर त्या जागी चालू फोल्डर येतो. त्यानंतर `पायथनपाथ` या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधले पाथ, मग स्टँडर्ड लायब्ररी, आणि सगळ्यात शेवटी `साइट-पॅकेजेस`. पूर्ण यादी `पायथन -एम साइट` ने दिसते.

बहुतेक टकरींचं मूळ या क्रमात आहे. तुमचा फोल्डर स्टँडर्ड लायब्ररीच्याही आधी येतो, म्हणून तुमची `रँडम.पीवाय` मूळ `रँडम`ला झाकते. उलट `टाइम.पीवाय` नावाची फाइल केली तर सहसा काहीच होत नाही, कारण `टाइम` आतच बांधलेलं आहे आणि पाथ बघायची वेळच येत नाही. `ओएस.पीवाय` केली तरी मूळ `ओएस`ला धक्का लागत नाही. पायथन सुरू होतानाच ते आत घेतलेलं असतं. अशा वेळी तक्रार उलटी असते: ‘माझी फाइल इम्पोर्टच होत नाही.’

`मॅथ` मात्र फसवं आहे. विंडोजवरच्या नेहमीच्या पायथनमध्ये ते आत बांधलेलं असतं, तर मॅकवर ते वेगळी फाइल म्हणून येतं. त्यामुळे `मॅथ.पीवाय` नावाची तीच फाइल एका मशीनवर निरुपद्रवी आणि दुसऱ्यावर घातक ठरते. तुमच्या पायथनमध्ये कुठली नावं आत बांधलेली आहेत ते `सिस.बिल्टइन_मॉड्यूल_नेम्स` सांगतं.

## आपलीच फाइल आपल्या आड

सगळ्यात नेहमीचा प्रकार. शिकताना माणूस ज्या विषयाचा सराव करतो त्याचंच नाव फाइलला देतो. `रँडम.पीवाय` मध्ये हे लिहा:

```
इम्पोर्ट रँडम
प्रिंट(रँडम.रँडइंट(१, ६))
```

चालवल्यावर साधारण असं दिसतं:

```
फाइल "/काम/रँडम.पीवाय", लाइन १, इन <मॉड्यूल>
    इम्पोर्ट रँडम
फाइल "/काम/रँडम.पीवाय", लाइन २, इन <मॉड्यूल>
    प्रिंट(रँडम.रँडइंट(१, ६))
ॲट्रिब्यूटएरर: पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल 'रँडम' हॅज नो ॲट्रिब्यूट 'रँडइंट' (मोस्ट लाइकली ड्यू टू अ सर्क्युलर इम्पोर्ट)
```

शेवटच्या ओळीपेक्षा वरच्या दोन पाथकडे बघा. एकच फाइल ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एररच्या या मजकुरात, दोनदा आली आहे. पहिल्यांदा ती मुख्य स्क्रिप्ट म्हणून चालली, तिने `रँडम` मागितलं, आणि पायथनने तीच फाइल मॉड्यूल म्हणून पुन्हा चालवायला घेतली. दुसऱ्या फेरीत `रँडम` हे नाव `सिस.मॉड्यूल्स`मध्ये नोंदलेलं आहे पण अजून अर्धवट आहे, त्यात `रँडइंट` कुठून असणार? संदेशातला ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ हा शब्द नवख्याला हमखास चकवतो. दोन फाइली एकमेकींना बोलावत असतील असं समजून लोक कोडची उलथापालथ करतात, आणि दोष नुसत्या फाइलच्या नावात असतो.

पायथन ३.१३ पासून हा संदेश शहाणा झाला आहे. तुमच्या फाइलचा पूर्ण पाथ देऊन तो सांगतो की हिचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखंच आहे, बदलून बघा. बाहेरून बसवलेल्या लायब्ररीशी नाव जुळलं तरी तो तशी शंका बोलून दाखवतो. जुन्या आवृत्तीवर अडकला असाल तर तीच स्क्रिप्ट एकदा ३.१३ वर चालवून पाहायला हरकत नाही.

याहून त्रासदायक टक्कर म्हणजे ज्या मॉड्यूलचं तुम्ही नावही घेतलेलं नाही त्याच्याशी झालेली. समजा `मेन.पीवाय` शेजारी मेल पाठवण्याची दोन फंक्शन असलेली तुमची `ईमेल.पीवाय` आहे. मेनमध्ये एवढंच आहे:

```
इम्पोर्ट युआरएललिब.रिक्वेस्ट
```

आणि उत्तर येतं:

```
मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड 'ईमेल.पार्सर'; 'ईमेल' इज नॉट अ पॅकेज
```

`युआरएललिब.रिक्वेस्ट` आतून `एचटीटीपी.क्लायंट` मागतं, आणि ते हेडर वाचायला `ईमेल.पार्सर`. पायथनला `ईमेल` या नावाने तुमची फाइल आधी सापडते, आणि फाइलच्या पोटात `पार्सर` नसतो. `रिक्वेस्ट्स` लायब्ररी वापरणाराही याच खड्ड्यात पडतो, फक्त त्याचा ट्रेसबॅक लांबलचक असतो आणि दोष लायब्ररीचा वाटतो. ‘इज नॉट अ पॅकेज’ हे शब्द दिसले की जवळपास खात्रीच समजा: पॅकेजच्या नावाची एखादी साधी फाइल कुठेतरी आडवी आली आहे.

हमखास आडवी येणारी नावं: `ईमेल`, `कोड`, `टोकन`, `क्यू`, `कॉपी`, `टाइप्स`, `स्ट्रिंग`, `सॉकेट`, `लॉगिंग`, `कॅलेंडर`, `सिक्रेट्स`, `स्टॅटिस्टिक्स`, `टर्टल`, `सीएसव्ही`, `जेसन`. यातलं `कोड.पीवाय` खास लक्षात ठेवा. पायथनचा डीबगर आतून `कोड` मॉड्यूल वापरतो, म्हणजे प्रोग्रॅम नीट चालतो आणि डीबग करायला गेलं की पडतो. `रँडम.पीवाय` किंवा `टीकेइंटर.पीवाय` ठेवलेल्या फोल्डरमुळे आयडल (पायथनसोबत येणारा एडिटर) सुरूच होत नाही, हेही त्याच जातीचं.

इलाज एकच, नाव बदलणे. `ईमेल.पीवाय`चं `मेल_पाठव.पीवाय` करा, त्या फाइलला इम्पोर्ट करणाऱ्या ओळी बदला, आणि चालू असलेली प्रोसेस बंद करून नव्याने सुरू करा. हा शेवटचा भाग ज्युपिटर नोटबुकमध्ये विसरतो: कर्नल, म्हणजे मागे चालू असलेली पायथनची प्रोसेस, रीस्टार्ट केला नाही तर `सिस.मॉड्यूल्स`मधलं जुनंच मॉड्यूल मिळत राहतं आणि ‘नाव बदलूनही काही फरक नाही’ असं वाटतं. `सिस.मॉड्यूल्स`मधून नोंद हाताने पुसण्याची युक्ती टाळा. ज्या मॉड्यूलांनी जुनी वस्तू आधीच धरून ठेवली आहे त्यांच्याकडे ती तशीच राहते.

जाता जाता एका गैरसमजाबद्दल. ‘`__पायकॅश__` फोल्डर उडवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. पायथन ३ मध्ये मूळ `.पीवाय` फाइल नसेल तर `__पायकॅश__` मधली संकलित फाइल इम्पोर्टला वापरलीच जात नाही. उडवल्याने नुकसान नाही, पण उपयोगही नाही. मात्र `रँडम.पीवायसी` अशी फाइल थेट तुमच्या फोल्डरमध्ये, `__पायकॅश__`च्या बाहेर पडलेली असेल तर ती खरोखरच उचलली जाते. ती काढाच.

## फाइल नाही, फोल्डर आडवा

फोल्डरमध्ये `__इनिट__.पीवाय` असेल तर ते पूर्ण पॅकेज. ते फाइलइतकंच आडवं येतं, किंबहुना जास्त: एकाच जागी `युटिल्स.पीवाय` आणि `__इनिट__.पीवाय` असलेला `युटिल्स` फोल्डर दोन्ही असतील तर फोल्डर जिंकतो आणि फाइल गपचूप दुर्लक्षित राहते.

`__इनिट__.पीवाय` नसलेल्या फोल्डरची तऱ्हा वेगळी. पायथन त्याला नेमस्पेस पॅकेज समजतो, पण लगेच उचलत नाही. पुढच्या पाथवर त्या नावाची खरी फाइल किंवा खरं पॅकेज मिळतं का ते आधी बघून येतो. त्यामुळे डेटा ठेवायला `पांडाज` नावाचा साधा फोल्डर केला आणि पांडाज लायब्ररी बसवलेली असेल तर सगळं सुरळीत चालतं. तोच प्रोजेक्ट लायब्ररी नसलेल्या मशीनवर नेला की ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येण्याऐवजी इम्पोर्ट यशस्वी होतं, आणि पाच ओळींनंतर ‘हॅज नो ॲट्रिब्यूट’ म्हणत पडतं. `__फाइल__`ची किंमत `नन` येते ती इथेच. अशा वेळी `प्रिंट(पांडाज.__पाथ__)` विचारा, कुठला फोल्डर पकडला गेला ते दिसेल. मग लायब्ररी बसवा, आणि फोल्डरचं नावही बदला.

## पॅकेजच्या आत तेच नाव चालतं, पण अटीवर

मोठ्या प्रोजेक्टमध्ये `ॲप/लॉगिंग.पीवाय` असं नाव ठेवायला हरकत नाही. पायथन ३ मध्ये `इम्पोर्ट लॉगिंग` म्हणजे नेहमी वरच्या पातळीवरचं `लॉगिंग`. शेजारची फाइल हवी असेल तर टिंब लावून मागावी लागते:

```
इम्पोर्ट लॉगिंग
फ्रॉम .लॉगिंग इम्पोर्ट सेटअप
```

अट एवढीच की ॲप बाहेरून चालवायचं. `पायथन ॲप/मेन.पीवाय` असं चालवलं की `ॲप` हा फोल्डरच `सिस.पाथ`च्या पहिल्या जागी बसतो, आणि आतली `लॉगिंग.पीवाय` मूळ `लॉगिंग`च्या आड येते. टिंबाचं इम्पोर्टही ‘नो नोन पॅरेंट पॅकेज’ म्हणून नाकारलं जातं. एक पायरी वर येऊन असं चालवा:

```
पायथन -एम ॲप.मेन
```

शेवटी `.पीवाय` लावायचं नाही. एडिटरमधलं ‘रन’ बटण बरेचदा पहिल्या पद्धतीने चालवतं, त्यामुळे टर्मिनलमध्ये चालणारा कोड बटणावर पडतो. एडिटरच्या रन सेटिंगमध्ये ‘स्क्रिप्ट’ऐवजी ‘मॉड्यूल’ निवडा.

याच गोंधळातून आणखी एक छुपा दोष निघतो. `सिस.पाथ.अपेंड` करून कोणीतरी आतला फोल्डर पाथवर टाकतो. मग एक फाइल `इम्पोर्ट कॉन्फिग` म्हणते, दुसरी `फ्रॉम ॲप इम्पोर्ट कॉन्फिग`. फाइल एकच, पण पायथनच्या लेखी ही दोन वेगळी मॉड्यूल आहेत आणि कोड दोनदा चालतो. एकीत बदललेली सेटिंग दुसरीत दिसत नाही. एकातल्या क्लासची वस्तू दुसऱ्यातल्या त्याच क्लाससमोर `इझइन्स्टन्स`ला धरली तर उत्तर `फॉल्स` येतं. एरर काहीच येत नाही, म्हणून हे शोधायला तास जातात. `सिस.पाथ`शी खेळ शक्यतो करूच नका. प्रोजेक्टला `पायप्रोजेक्ट.टॉमल` द्या, कोड `एसआरसी` फोल्डरखाली ठेवा, आणि `पायथन -एम पिप इन्स्टॉल -ई .` करून टाका. नंतर सगळीकडे एकच पूर्ण नाव वापरा.

## पिपचं नाव एक, इम्पोर्टचं दुसरं

पिपला दिलेलं नाव आणि इम्पोर्टमधलं नाव सारखं असण्याचं बंधन नाही. `पिलो` बसवून `पीआयएल` मागायचं, `ब्युटिफुलसूप४` बसवून `बीएस४`, `पायवायएएमएल` बसवून `यामल`, `सायकिट-लर्न` बसवून `एसकेलर्न`. अडचण तेव्हा होते जेव्हा पिपवरची दोन वेगळी पॅकेजेस इम्पोर्टचं एकच नाव वापरतात. पिप फक्त स्वतःच्या नावांचा हिशेब ठेवतो. दुसऱ्या पॅकेजने `साइट-पॅकेजेस`मधली पहिल्याचीच फाइल झाकली तरी तो हूं की चूं करत नाही.

नेहमीच्या जोड्या:

`पायजेडब्ल्यूटी` आणि `जेडब्ल्यूटी`: दोघांचं इम्पोर्ट `जेडब्ल्यूटी`. टोकनसाठी `जेडब्ल्यूटी.एन्कोड` शोधत असाल तर हवं ते पहिलं.

`पायसिरियल` आणि `सिरियल`: दोघांचं इम्पोर्ट `सिरियल`. पोर्टशी बोलायचं तर पहिलं. दुसरं बसलं असेल तर `सिरियल.सिरियल` सापडतच नाही.

`पायथन-डॉक्स` आणि `डॉक्स`: दुसरं इतकं जुनं आहे की पायथन ३ वर ‘नो मॉड्यूल नेम्ड एक्सेप्शन्स’ म्हणत पडतं.

`पायक्रिप्टो` आणि `पायक्रिप्टोडोम`: दोघंही `क्रिप्टो` फोल्डर वापरतात. पायक्रिप्टोची नवी आवृत्ती २०१३ नंतर आलेलीच नाही, ते काढून टाका. काढता येत नसेल तर `पायक्रिप्टोडोमएक्स` घ्या. तेच काम, पण इम्पोर्टचं नाव `क्रिप्टोडोम`.

`ओपनसीव्ही-पायथन`, `ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस` आणि `ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन`: तिघांचं इम्पोर्ट `सीव्ही२`. यातलं एकच ठेवायचं.

एका नावामागे किती पॅकेजेस उभी आहेत ते पायथन ३.१० पासून असं कळतं:

```
फ्रॉम इम्पोर्टलिब.मेटाडेटा इम्पोर्ट पॅकेजेस_डिस्ट्रिब्युशन्स
प्रिंट(पॅकेजेस_डिस्ट्रिब्युशन्स()['सीव्ही२'])
```

यादीत दोन वेगळी नावं आली की टक्कर पक्की. आता नको असलेलं तेवढं काढून थांबू नका. काढताना पिप त्याच्या यादीतल्या फाइली पुसतो, आणि त्याच फाइली राहिलेल्या पॅकेजच्याही असतात. परिणामी `पिप लिस्ट`मध्ये नाव दिसतं, पण इम्पोर्ट होत नाही. म्हणून सगळी काढा, मग हवं ते एक घाला:

```
पायथन -एम पिप अनइन्स्टॉल -वाय ओपनसीव्ही-पायथन ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस
पायथन -एम पिप इन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन
```

काही दिवसांनी हेडलेस पुन्हा उगवलं तर दुसरी एखादी लायब्ररी त्याला ओढून आणते आहे. `पिप शो ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस` मधली ‘रिक्वायर्ड-बाय’ ही ओळ तिचं नाव सांगते. खिडकी उघडून चित्र दाखवायचं नसेल तर दोन्ही काढून सरळ हेडलेसच पुन्हा घालणं सोपं.

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं की तेच नाव पिपला देऊन बघायचं, ही सवय मोडा. असं नाव भलत्याच कुणी घेऊन ठेवलेलं असू शकतं, आणि काही पॅकेजेस इन्स्टॉल होतानाच त्यांच्यातला कोड तुमच्या मशीनवर चालतो. लायब्ररीच्या अधिकृत पानावरची इन्स्टॉलची ओळ बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

## मॉड्यूल बरोबर, नाव मात्र फाइलमध्येच झाकलं

`__फाइल__` अगदी योग्य जागा दाखवतं, किंवा ‘या वस्तूला `__फाइल__` नाही’ म्हणतं, आणि तरी कोड पडतो. मग टक्कर तुमच्या फाइलच्या आतच आहे. `डेटटाइम` यात अव्वल, कारण मॉड्यूल आणि आतला क्लास दोघांचं नाव एकच:

```
इम्पोर्ट डेटटाइम
फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम
```

दुसऱ्या ओळीनंतर `डेटटाइम` म्हणजे क्लास. आता `डेटटाइम.टाइमडेल्टा` लिहिलं की एरर. एकदाच `इम्पोर्ट डेटटाइम ॲज डीटी` करा आणि `डीटी.डेटटाइम.नाउ()`, `डीटी.टाइमडेल्टा(डेज=३)` असं लिहा. `फ्रॉम टाइम इम्पोर्ट टाइम` केल्यावर `टाइम.स्लीप` न सापडणं हे याचंच भावंड.

व्हेरिएबलचं नावही असाच घात करतं. फंक्शनच्या आत `जेसन = जेसन.लोड्स(मजकूर)` लिहिलं की ‘अनबाउंडलोकलएरर’ येतो: फंक्शनमध्ये कुठेही त्या नावाला किंमत दिली की ते नाव पूर्ण फंक्शनभर स्थानिक ठरतं, आणि उजवी बाजू चालते तेव्हा त्यात काहीच नसतं. हीच ओळ ज्युपिटरच्या सेलमध्ये पहिल्यांदा बिनबोभाट चालते आणि दुसऱ्यांदा ‘डिक्टला लोड्स नाही’ म्हणते.

तारांकित इम्पोर्ट, म्हणजे `*` लावून सगळी नावं एकदम आणणं, मात्र सरळ वर्ज्य समजा. `फ्रॉम ओएस इम्पोर्ट *` केलं की `ओपन` म्हणजे `ओएस.ओपन` होतं, आणि फाइल उघडायची साधी ओळ पडते. निदान पडते तरी. `फ्रॉम नमपाय इम्पोर्ट *` पडतही नाही:

```
प्रिंट(सम(रेंज(५), -१))
```

मूळ `सम`ला -१ ही सुरुवातीची किंमत, म्हणून उत्तर ९. नमपायच्या `सम`ला तो अक्षाचा क्रमांक, म्हणून उत्तर १०. कोड तोच, उत्तर वेगळं, एरर नाही. अहवालात चुकीचा आकडा गेल्यावर हे कळतं.

## दोन्ही खरंच हवी असतील तर

`इम्पोर्ट सिरियल ॲज एस` याने टक्कर सुटत नाही. `ॲज` फक्त तुमच्या फाइलपुरतं टोपणनाव देतं. कुठलं `सिरियल` आत यायचं ते आधीच पाथच्या क्रमाने ठरलेलं असतं, आणि `सिस.मॉड्यूल्स`मध्येही मूळच नाव नोंदलं जातं.

एकाच फाइलचं मॉड्यूल असेल तर ते पाथ देऊन वेगळ्या नावाने आत घेता येतं:

```
इम्पोर्ट सिस
फ्रॉम इम्पोर्टलिब इम्पोर्ट युटिल
स्पेक = युटिल.स्पेक_फ्रॉम_फाइल_लोकेशन('जुनं_टूल', '/काम/जुनं/टूल.पीवाय')
मॉड = युटिल.मॉड्यूल_फ्रॉम_स्पेक(स्पेक)
सिस.मॉड्यूल्स['जुनं_टूल'] = मॉड
स्पेक.लोडर.एक्झेक_मॉड्यूल(मॉड)
```

पूर्ण पॅकेजला ही युक्ती सहसा पुरत नाही, कारण त्याच्या आतल्या फाइली स्वतःच्याच मूळ नावाने एकमेकींना बोलावतात. तिथे दोन वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र लायब्ररी असलेल्या पायथनच्या वेगळ्या जागा, करा: `पायथन -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह-अ` आणि तशीच दुसरी. एका बाजूचा कोड `सबप्रोसेस`ने दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटच्या पायथनने चालवा आणि माहितीची देवाणघेवाण जेसनमधून करा. थोडं जड वाटतं, पण सहा महिन्यांनी कोणालाही कळेल असं तेच आहे.

## पुन्हा होऊ नये म्हणून

नवी फाइल करण्याआधी नाव तपासा. पायथन ३.१० पासून स्टँडर्ड लायब्ररीतली सगळी नावं एका ठिकाणी मिळतात:

```
पायथन -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट('क्यू' इन सिस.एसटीडीलिब_मॉड्यूल_नेम्स)"
```

हे काम रफ या कोड तपासणाऱ्या टूलवर सोपवलेलं बरं. त्याचा ए००५ नियम स्टँडर्ड लायब्ररीशी जुळणारं फाइलचं नाव पकडतो, एफ४०३ तारांकित इम्पोर्ट पकडतो.

पायथन ३.११ मध्ये कॅपिटल पीचा `-पी` हा पर्याय आला. तो दिला की स्क्रिप्टचा किंवा चालू फोल्डर `सिस.पाथ`मध्ये घातलाच जात नाही. निदानासाठी हा छान आहे: `-पी` ने चालवल्यावर एरर बदलला किंवा नाहीसा झाला तर आडवी आलेली वस्तू त्याच फोल्डरमध्ये आहे. रोजच्या वापरासाठी `पायथनसेफपाथ` हे व्हेरिएबल लावून ठेवता येतं, पण मग शेजारच्या तुमच्या स्वतःच्या फाइलीही सापडत नाहीत, त्यामुळे प्रोजेक्ट पिपने बसवलेला असला तरच ते लावा.

राहता राहिल्या चाचण्या. दोन फोल्डरमध्ये `टेस्ट_युटिल्स.पीवाय` अशी एकाच नावाची फाइल असेल आणि त्या फोल्डरांत `__इनिट__.पीवाय` नसेल, तर पायटेस्ट हे चाचण्या चालवणारं टूल ‘इम्पोर्ट फाइल मिसमॅच’ म्हणून थांबतं. ते दोन्ही फाइलींना `टेस्ट_युटिल्स` हेच वरच्या पातळीचं नाव देऊ पाहतं आणि दुसऱ्या फाइलीच्या वेळी ते नाव आधीच घेतलेलं असतं. चाचण्यांच्या फोल्डरांत रिकामी `__इनिट__.पीवाय` टाका, किंवा पायटेस्टला `--इम्पोर्ट-मोड=इम्पोर्टलिब` द्या. दुसऱ्या पर्यायात चाचण्यांच्या फाइली एकमेकींना इम्पोर्ट करू शकत नाहीत, म्हणून सामाईक मदतनीस फंक्शन असतील तर पहिलाच मार्ग धरा.